वांग्याच्या वीस गुंठ्यांत मित्रकीटकांना वाव देताना: ऑगस्ट ते मार्चचा अनुभव

वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठापासून थोड्या अंतरावर आमची शेती आहे. मुख्य पीक ऊस, पण वीस गुंठ्यांचा एक तुकडा दरवर्षी वांग्यासाठी राखलेला असतो आणि त्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. ऑगस्ट २०२३ ते मार्च २०२४ या काळात त्या तुकड्यात दर पाच-सहा दिवसांनी होणारी ठरलेली फवारणी बंद करून, शेतातल्या मित्रकीटकांना, म्हणजे किडींना खाणाऱ्या कीटकांना, वाव देत पूर्ण पीक घेतले आणि मालाची उर्वरित अंश तपासणीही, म्हणजे वांग्यात औषधाचा किती अंश उरला आहे याची तपासणी, करून घेतली. हे करताना कोणाला काय विचारायचे, कोणते कागद लागतात, कधी थांबायचे आणि कधी फवारायचे याची एकत्र माहिती मला कुठे मिळाली नव्हती. ती मिळाली असती तर बरीच धास्ती कमी झाली असती, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात झाली ती जुलैमध्ये. एका शेतकरी उत्पादक कंपनीने पुण्यातल्या ग्राहकांसाठी वांगी घेण्याची तयारी दाखवली. बाजारभावापेक्षा किलोमागे दोन-तीन रुपये जास्त मिळणार होते, पण त्यासाठी फवारणीची नोंदवही, औषधांची पक्की बिले, वांग्याची नोंद असलेला सातबारा आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल या चार गोष्टी त्यांना हव्या होत्या. जमीन सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या नावावर असल्याने शंभर रुपयांच्या मुद्रांकावर त्यांचे संमतीपत्र करून घ्यावे लागले. सातबाऱ्यावर त्या गटात ऊसच दिसत होता. लावण झाल्यावर ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये शेतात उभे राहून फोटोसह वांग्याची नोंद केली, पण ती उताऱ्यावर उमटायला बराच वेळ लागला. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन पंधरा रुपयांत मिळतो, पण नोंद उमटण्याआधी तो काढला तर पैसे वाया जातात. आधी विनाशुल्क उतारा पाहावा, पीक दिसू लागले की मगच स्वाक्षरीचा काढावा.

गावातल्या शेतीशाळेत कृषी सहायकांनी एक गोष्ट समजावून सांगितली आणि पुढचे सगळे निर्णय मी तिच्या आधाराने घेतले. शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीचा पतंग पानाच्या मागच्या बाजूला सुटे, एकेक अंडे घालतो. अंड्यातून निघालेली अळी काही तासांतच शेंड्यात किंवा फळात शिरते आणि आत गेल्यावर छिद्र विष्ठेने बुजवते. त्यानंतर वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत फारसे पोहोचत नाही. त्याच झाडावर उघड्यावर फिरणारे ढालकिडे (लेडीबर्ड भुंगेरे), कोळी, क्रायसोपर्ला या जाळीदार पंखांच्या कीटकाच्या अळ्या आणि परोपजीवी गांधीलमाश्या मात्र पहिल्याच फवाऱ्यात मरतात. म्हणजे आपण ज्या किडीसाठी पंप पाठीवर घेतो ती सुरक्षित राहते आणि तिला खाणारे जातात. सायपरमेथ्रिनसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधे सतत वापरली की काही दिवसांनी पांढरी माशी किंवा लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) अचानक का उसळतात, याचे मोठे कारणही हेच आहे. लाल कोळ्याला खाणारे भक्षक कोळी या औषधांना फार संवेदनशील असतात.

२५ ऑगस्टला रोपांची लावण केली. तो ऑगस्ट जवळजवळ कोरडाच गेला होता, त्यामुळे ठिबकवरच भिस्त होती. कडेने मक्याच्या दोन ओळी टोकल्या, आत ठरावीक अंतरावर झेंडू लावला, आणि पाटाच्या बाजूने चवळी, बडीशेप व कोथिंबीर पेरून ती फुलोऱ्यावर येऊ दिली. मक्यामुळे बाहेरून उडत येणाऱ्या पांढऱ्या माशीला अडथळा होतो आणि त्याचे परागकण क्रायसोपर्लाच्या प्रौढांना उपयोगी पडतात. कोथिंबीर-बडीशेपेच्या बारीक फुलांवर सिरफिड माश्या (यांच्या अळ्या मावा खातात) आणि लहान गांधीलमाश्या मधासाठी येतात. चवळीचे काम वेगळे आहे. तिच्यावर काळा मावा हमखास येतो, पण तो शेंगवर्गीय पिकांवर जगणारा असल्याने वांग्यावर पसरत नाही आणि त्याच्या मागे ढालकिडे मात्र लवकर जमतात. चवळीवर मावा दिसताच फवारावेसे वाटते, पण तसे केले तर ती पेरण्याचा हेतूच संपतो.

सप्टेंबरपासून दर आठवड्याला मोजणी सुरू केली. सकाळी ऊन चढण्याआधी नागमोडी फिरत वीस झाडे निवडायची, प्रत्येकाचे वरचे, मधले व खालचे असे तीन पानांचे मागचे अंग पाहायचे आणि वहीत एका बाजूला किडी व दुसऱ्या बाजूला मित्रकीटक लिहायचे. मावा-तुडतुड्यांसारख्या रसशोषक किडींसाठी साधारण दोन किडींमागे एक मित्रकीटक असेल तर थांबून निरीक्षण करावे, असे आम्हाला शिकवले होते. पोखरणाऱ्या अळीला हे प्रमाण लागू होत नाही. तिच्यासाठी सुकलेले शेंडे आणि किडकी फळे मोजायची, आणि शंभरात पाचच्या वर गेली की उपाय करायचा, असे ठरले होते. वही अगदी साधी असू द्यावी, मात्र तारीख, वेळ आणि हवामान प्रत्येक वेळी लिहावे. पुढे तपासणीच्या अर्जात आणि कंपनीच्या तक्त्यात मला या नोंदी जशाच्या तशा उतरवता आल्या.

वांग्यावर मोजणी करताना एक अडचण हमखास येते. ठिपक्यांचा प्रत्येक गोल भुंगेरा मित्र नसतो. वांग्यावर येणारा एपिलाक्ना भुंगेरा ढालकिड्याच्याच कुळातला आहे, पण तो पाने खातो. त्याच्या पाठीवर बारीक लव असल्याने तो मंद, मळकट दिसतो आणि साधारणपणे अठ्ठावीस ठिपके असतात. मावा खाणारे ढालकिडे गुळगुळीत व चकचकीत असतात आणि त्यांच्यावर ठिपके किंवा नागमोडी पट्टे थोडे असतात. अंडी दोघांचीही पिवळी आणि पुंजक्याने असतात, त्यामुळे अंड्यांवरून घाईने ठरवू नये. अळी पाहिली की शंका राहत नाही. एपिलाक्नाची अळी पिवळसर, अंगभर फांद्या फुटलेले काटे असलेली आणि एका जागी पानाचा हिरवा भाग खरवडून जाळी करणारी असते. ढालकिड्याची अळी काळपट, लांबट, नारिंगी ठिपक्यांची असून भक्ष्य शोधत पानावर भराभर फिरते. आमच्या भागात हीच अळी सर्वांत जास्त मारली जाते, कारण ती दिसायला भीतिदायक असते आणि तिचा ढालकिड्याशी संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. मी मजूर बायकांना दोन्ही अळ्या काचेच्या बरणीत घालून दाखवल्या. त्यानंतर एपिलाक्नाची अंडी व अळ्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकण्याचे काम त्यांनी बिनचूक केले.

सप्टेंबरच्या शेवटी वांग्यावरही मावा वाढला आणि तो पंधरवडा मला सर्वांत अवघड गेला. शेंड्याकडची पाने आकसू लागली, खालच्या पानांवर चिकट थर दिसू लागला. आप्पा रोज बांधावरून पाहायचे. एक दिवस म्हणाले, “सूनबाई, आणखी चार दिवस असंच बघत बसलीस तर झाडं हातची जातील.” त्यांची काळजी खरी होती, कारण त्यांनी वांग्याची पिके बुडालेली पाहिली होती. मी त्यांना एक पान भिंगाखाली दाखवले. हिरव्या माव्यांच्या घोळक्यात काही मावे फुगलेले, ताठ आणि फिकट सोनेरी झालेले होते आणि त्यांतल्या दोघांच्या पाठीला सुईने पाडल्यासारखे गोल छिद्र होते. परोपजीवी गांधीलमाशी माव्याच्या शरीरात अंडे घालते, तिची अळी त्याला आतून खाते आणि प्रौढ माशी त्याच छिद्रातून बाहेर पडते. अशा फुगून ताठ झालेल्या माव्याला ममी म्हणतात. त्याच पानाच्या कडेला केसासारख्या बारीक देठावर उभे असलेले क्रायसोपर्लाचे अंडेही होते. आप्पांनी भिंग बराच वेळ धरून ठेवले आणि म्हणाले, “मग आठवडाभर थांबू. पण पंप भरून ठेव.” आम्ही पाच टक्के निंबोळी अर्काची एक फवारणी केली. पाच किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, थोडा साबण घालून शंभर लिटर द्रावण करायचे, ही त्याची पद्धत. निंबोळ्या जूनमध्येच गोळा करून सावलीत वाळवून ठेवलेल्या असाव्यात, ऐन वेळी चांगल्या मिळत नाहीत. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातल्या मोजणीत ममींची संख्या जिवंत माव्यांच्या जवळ पोहोचली आणि नवे शेंडे सरळ निघू लागले.

पोखरणाऱ्या अळीसाठी ट्रायकोग्रामाची कार्डे मागवली. हा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान परोपजीवी कीटक पतंगाच्या अंड्यातच आपले अंडे घालतो, म्हणजे अळी शेंड्यात शिरण्याआधीच, बाहेर असतानाच तिचा बंदोबस्त होतो. प्रयोगशाळेत तो तांदळावरील पतंगाच्या अंड्यांवर वाढवतात आणि ती अंडी कार्डावर चिकटवतात. एका कार्डावर सुमारे वीस हजार अंडी असतात. मला वीस गुंठ्यांना दर आठवड्याला दोन कार्डे सुचवली होती आणि एका कार्डाला ८० रुपये पडले. कार्डे तयार माल म्हणून कपाटात नसतात. मागणी नोंदवून, पैसे आधी भरून, पुढच्या तुकडीची वाट पाहावी लागते, म्हणून फुले लागण्याच्या निदान तीन आठवडे आधी नोंदणी करावी. पहिले पार्सल वाटेत एका ठिकाणी उन्हात पडून राहिले आणि घरी पोहोचेपर्यंत निम्मे कीटक पिशवीतच बाहेर पडले होते. त्यानंतर मी प्रयोगशाळेला संध्याकाळच्या गाडीने पाठवायला सांगितले आणि पहाटे स्वतः जाऊन घेऊ लागले. कार्ड हातात आले की अंडी काळी दिसतात का ते पाहावे. काळी म्हणजे ट्रायकोग्रामा आत वाढत आहे. लगेच लावता येत नसेल तर काही दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवता येते, बर्फाच्या कप्प्यात नाही. कार्डाचे तुकडे कापून ते संध्याकाळी पानाच्या मागच्या बाजूला स्टेपल करावेत, म्हणजे ऊन आणि पाऊस लागत नाही. मुंग्या अंडी नेतात, त्यामुळे मुंग्यांची रांग असलेले झाड टाळावे. कार्डे लावण्याच्या आधी व नंतर काही दिवस कोणतेही रासायनिक औषध फवारू नये, आणि पिवळे चिकट सापळेही त्या दिवसांत काढून ठेवावेत, कारण त्यांवर पांढऱ्या माशीबरोबर हे कीटक आणि सिरफिड माश्याही चिकटतात. परोपजीवी व भक्षक कीटकांना कीटकनाशक म्हणून नोंदणी लागत नाही. बिव्हेरिया (किडींवर वाढणारी बुरशी), एनपीव्ही (अळ्यांना मारणारा विषाणू) किंवा निंबोळीची तयार औषधे मात्र १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदलेली असावी लागतात. बाटलीवर नोंदणी क्रमांक नसेल आणि दुकानदार ती ‘जैविक’ म्हणून देत असेल तर घेऊ नये.

याच सुमारास वीस कामगंध सापळे ल्युसिल्युअरसह, म्हणजे मादी पतंगाच्या गंधाच्या आमिषासह, लावले. त्यांत नर पतंग अडकतात, म्हणून संख्या पुरेशी हवी. त्यातला किती परिणाम सापळ्यांचा आणि किती कार्डांचा, हे वेगळे काढता येत नाही.

रसायन मी पूर्ण टाळले नाही. प्रश्न कोणते, कधी आणि लेबलवर काय लिहिले आहे हा होता. लावणीनंतर सहा आठवड्यांनी, पहिली कार्डे लावण्याच्या आधी, सुकलेले शेंडे ठरलेल्या मर्यादेच्या वर गेले तेव्हा क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल १८.५ एससी निवडले, कारण ते अळीवर्गीय किडींवर चालते आणि बहुतेक मित्रकीटकांना पायरेथ्रॉइडच्या तुलनेत बरेच सौम्य असते. वांग्यासाठी प्रमाण हेक्टरी २०० मिली, म्हणजे वीस गुंठ्यांना ४० मिली. दुकानदाराने सांगितले की फवारल्यावर तीन दिवसांनी तोडा करता येतो. लेबल वाचले तेव्हा कळले की तीन दिवस हे टोमॅटोसाठी आहेत, वांग्यासाठी हा काळ २२ दिवसांचा आहे. एकाच औषधाचा काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी पिकागणिक इतका बदलतो, हे भाजी पिकवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. आमचा पहिला तोडा नोव्हेंबरमध्ये असल्याने ते औषध ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात बसले. तोडा सुरू झाल्यावर ते वापरणे शक्यच नव्हते. बिल घेताना पिकाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख लिहून घ्यावी. कंपनीच्या माणसाने नेमके हेच तपासले. डब्यावरचा रंगीत त्रिकोणही पाहावा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. पण हिरवा त्रिकोण माणसाला होणाऱ्या तीव्र विषबाधेबद्दल सांगतो, ढालकिड्याबद्दल किंवा मधमाशीबद्दल काही सांगत नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी ढगाळ हवा आणि अवकाळी पाऊस आला. कार्डे भिजली, सापळ्यांत पतंग वाढले आणि क्रेटमध्ये पाच वांग्यांमागे एक किडके निघू लागले. त्या दिवसांत मला रात्री झोप लागत नसे, कारण माल परत आला असता तर घरात काय सांगायचे हा प्रश्न होता. कृषी सहायक शेतात आले, त्यांनी माझी वही पाहिली आणि म्हणाले, “ताई, सगळ्या तुकड्यावर मारू नका. वही सांगते की ओढ्याच्या बाजूच्या ओळींतच जास्त आहे.” त्या ओळींवर एमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी संध्याकाळी फवारले. वांग्यासाठी त्याचा प्रतीक्षा कालावधी तीन दिवसांचा आहे. ते पानाच्या आत शिरते आणि पृष्ठभागावरचा अंश उन्हात लवकर विघटित होतो, त्यामुळे दुसऱ्या दिवसानंतर पानावर फिरणाऱ्या मित्रकीटकांना त्याचा धोका कमी राहतो. ओले असताना मात्र ते मधमाश्यांना घातक आहे, म्हणून सकाळी फुलांवर वर्दळ असताना फवारू नये.

त्याहूनही जास्त उपयोग मजुरीच्या कामाचा झाला. आठवड्यातून दोनदा मान टाकलेले शेंडे छिद्राच्या खाली बोटभर कापायचे, किडक्या वांग्यांसह पोत्यात भरायचे आणि शेताबाहेर खोल पुरायचे. कापलेले शेंडे सरीत टाकले तर अळी बाहेर पडून पालापाचोळ्यात कोषात जाते आणि केलेले काम व्यर्थ ठरते. डिसेंबरच्या मध्यापासून किडक्याचे प्रमाण दहात एकाच्या आसपास आले आणि तिथेच राहिले. त्याहून खाली ते आमच्याकडे गेले नाही.

शेजारच्या रानातल्या भाजीवर फवारणी असली की वारा आमच्याकडे यायचा. मी त्या काकांना आदल्या दिवशी कळवायची विनंती केली आणि त्यांनी ती पाळली. त्या दिवशी मी कार्डे लावत नसे.

जानेवारीत तपासणीसाठी नमुना दिला. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळा निवडताना तिच्या मान्यतेत भाजीपाल्यातील कीटकनाशक अंशांचा समावेश आहे का, हे फोनवर विचारून घ्यावे. नुसती माती-पाण्याची मान्यता इथे चालत नाही. तुकड्याच्या सर्व भागांतून वांगी घेऊन दोन किलोचा नमुना करायचा, धुवायचा नाही, पुसायचाही नाही, स्वच्छ कागदी पिशवीत घालून दुसऱ्या दिवसाच्या आत पोहोचवायचा. अर्जात गट क्रमांक, वाण, लावणीची व नमुना घेतल्याची तारीख, वापरलेली सर्व औषधे आणि शेवटच्या फवारणीची तारीख लिहावी लागते. जीएसटीसह साधारण ४,५०० रुपये झाले. आठवड्यात येणारा अहवाल गट क्रमांकातल्या चुकीमुळे दुरुस्तीला गेला आणि आणखी काही दिवस लागले. पावतीवरच गट क्रमांक तपासून घेतला तर हा खोळंबा टळतो. अहवालात एमामेक्टिनसह बहुतेक औषधांसमोर मापनमर्यादेपेक्षा कमी, म्हणजे यंत्राला मोजता येईल त्याहूनही कमी, असा शेरा होता. क्लोरॅन्ट्रानिलिप्रोलचा अगदी थोडा अंश निघाला, तो मर्यादेच्या आत होता. ज्या औषधाला त्या पिकासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नसते, त्याला आपल्याकडे किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लावतात, म्हणून वांग्यावर शिफारस नसलेले औषध किंचितही सापडले तर माल अडकू शकतो.

खर्चाचा हिशोब असा झाला. ट्रायकोकार्डे आणि त्यांची पार्सले १,९०० रुपये, सापळे व ल्युअर ३,२००, रासायनिक औषधे १,६००, शेंडे कापण्याची मजुरी सुमारे ७,०००, तपासणी ४,५००. आदल्या हंगामात केवळ औषधांचे बिल २२,००० च्या आसपास होते. फरक दिसायला मोठा आहे, पण मजूर वेळेवर न मिळाल्यास हा हिशोब बिघडतो, आणि ३०० रुपये रोजावर दोन बायका आठवड्यातून दोनदा मिळणे ऊसतोडीच्या काळात सोपे नाही. उत्पादन आदल्या वर्षीपेक्षा थोडे कमीच भरले. कंपनीचा दर जास्त असल्याने ते भरून निघाले. सांगलीच्या बाजारात तोच माल दिला असता तर निघाले नसते.

मार्चमध्ये उष्णता वाढली तशी खालच्या पानांवर लाल कोळी दिसू लागली. भक्षक कोळी होते, पण किडीच्या वेगापुढे ते पुरले नाहीत आणि तोडे संपत आलेले असल्याने आम्ही पीक काढून टाकले. पुढच्या लावणीसाठी मी रोपे पंधरा दिवस आधी, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच लावणार आहे, म्हणजे शेवटचे तोडे फेब्रुवारीत संपतील. कार्डांची मागणी जुलैतच नोंदवणार आहे आणि निंबोळ्यांसाठी देवळाजवळच्या दोन्ही कडुलिंबांखाली जूनमध्ये चादरी अंथरायच्या असे आप्पांनी आत्ताच सांगून ठेवले आहे.